वात्सवाफ सेवेरीन झेवुस्की
वात्सवाफ सेवेरीन झेवुस्की (१५ डिसेंबर १७८४ – मे १८३१) हा पोलिश सरदार, प्रवासी, कवी, प्राच्यविद्येचा अभ्यासक व अश्वविशारद होता. युरोपातील प्राच्यविद्येच्या आरंभीच्या नियतकालिकांपैकी एक असलेल्या ‘फुंडग्रूबेन डेस ओरिएंट्स’ याचा तो आश्रयदाता होता. १८१७ ते १८२० या काळात त्याने तुर्की साम्राज्याच्या अरब प्रांतांत प्रवास केला आणि तेथील बदाऊनी टोळ्यांमध्ये वास्तव्य केले. अरबी घोड्यांविषयीचा त्याचा फ्रेंच भाषेतील सचित्र ग्रंथ तीन खंडांच्या हस्तलिखिताच्या रूपात वॉर्सा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बदाऊनांनी दिलेल्या ‘ताज अल-फख्र’ (कीर्तीचा मुकुट) या नावाने तो ओळखला जाई. पोलिश लोकांच्या स्मरणात तो ‘अमीर झेवुस्की’ म्हणून राहिला आहे.

झेवुस्कीचे नाव पोलंडमध्ये ज्या प्रमाणात गाजले, त्या प्रमाणात त्याचे लेखन वाचले गेले नाही. त्याच्या हयातीतच त्याच्यावर काव्य रचले गेले आणि मृत्यूनंतर दंतकथांची भर पडत गेली. ग्रंथ मात्र हस्तलिखितातच पडून राहिला. त्यामुळे त्याच्या चरित्रातील खात्रीचा भाग आणि कवींनी रंगविलेला भाग वेगळा करून पाहावा लागतो.

घराणे आणि बालपण

झेवुस्की घराणे हे पोलंड-लिथुएनियाच्या संयुक्त राज्यातील बड्या जमीनदार घराण्यांपैकी एक होते. वात्सवाफचे आजोबा वात्सवाफ पिओत्र झेवुस्की हे हेटमन, म्हणजे सेनापती, होते आणि साहित्यिकही होते. पोलंडच्या कारभारातील रशियाच्या ढवळाढवळीला विरोध केल्यामुळे १७६७ मध्ये रशियन राजदूत रेपनिन याने त्यांना आणि त्यांचा पुत्र सेवेरीन याला पकडून रशियातील कालुगा येथे स्थानबद्ध केले. पितापुत्रांना तेथे काही वर्षे काढावी लागली.

ज्या सेवेरीनने तारुण्यात रशियाची कैद भोगली, त्यानेच पुढे रशियाची साथ धरली. १७९१ च्या पोलिश राज्यघटनेने बड्या सरदारांच्या जुन्या अधिकारांना कात्री लावली होती. ती घटना उलथून टाकण्यासाठी १७९२ मध्ये रशियाच्या आश्रयाने तार्गोवित्सा येथे जो कट उभा राहिला, त्याच्या प्रमुखांपैकी सेवेरीन झेवुस्की हा एक होता. या कटामागोमाग रशियन फौजा आत आल्या, १७९३ मध्ये पोलंडची दुसरी फाळणी झाली आणि १७९५ च्या तिसऱ्या फाळणीने ते राज्य नकाशावरून पुसले गेले. पोलिश भाषेत ‘तार्गोवित्सा’ हा शब्द आजही फितुरीला समानार्थी म्हणून वापरला जातो. १७९४ च्या उठावात कटातील पुढाऱ्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. ते हाती न लागल्याने वॉर्साच्या चौकात त्यांची चित्रे फासावर लटकविण्यात आली. सेवेरीनचे चित्र त्यांत होते. त्या वेळी वात्सवाफ जेमतेम दहा वर्षांचा होता.

वात्सवाफचा जन्म ल्वुफ (आजचे युक्रेनमधील ल्वीव) येथे झाला, असे सामान्यतः मानले जाते. काही ठिकाणी त्याचे जन्मवर्ष १७८५ असेही दिलेले आढळते. त्याची आई कोन्स्तांत्स्या ही लुबोमिर्स्की घराण्यातील होती. तिची बहीण यूल्या हिचा विवाह यान पोतोत्स्की याच्याशी झाला होता. ‘सारागोसा येथे सापडलेले हस्तलिखित’ या कादंबरीचा कर्ता आणि मोरोक्को, इजिप्तपासून मंगोलियाच्या सीमेपर्यंत फिरलेला प्रवासी म्हणून पोतोत्स्की प्रसिद्ध आहे. पूर्वेचा छंद असा वात्सवाफच्या घरातच होता.

त्या काळातील पोलिश सरदारांना पूर्व अगदीच परकी नव्हती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. त्यांच्या परंपरागत पोशाखावर, हत्यारांवर आणि घोड्यांच्या साजावर तुर्की व इराणी छाप होती. तुर्कांशी शतकानुशतके लढता लढता आणि व्यापार करता करता ती उमटली होती. अरबी आणि तुर्की घोडे बाळगणे ही तर प्रतिष्ठेची बाब होती. स्लावूता येथील सांगुश्को घराण्याची अश्वशाळा त्यासाठी नावाजलेली होती.

व्हिएन्नातील वास्तव्य

फाळणीनंतर हे कुटुंब ऑस्ट्रियाच्या राजधानीत राहू लागले. सेवेरीन उतारवयात किमयेच्या नादी लागला आणि १८११ मध्ये व्हिएन्नातच निधन पावला. वात्सवाफचे शिक्षण तेथील थेरेझियानुम या सरदारपुत्रांच्या विद्यालयात झाले. पुढे त्याने ऑस्ट्रियन हुसार घोडदळात अधिकारी म्हणून काम केले.

१८०५ मध्ये त्याचा विवाह रोझाल्या लुबोमिर्स्का हिच्याशी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये तिच्या आईचा पॅरिसमध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला होता. तुरुंगात मागे राहिलेल्या या लहान मुलीला एका धोबिणीने सांभाळले, अशी हकिकत सांगितली जाते. रोझाल्या विदुषी होती. तिने फ्रेंच भाषेत आठवणी लिहून ठेवल्या. या दांपत्याला चार अपत्ये झाली. परंतु पतिपत्नींच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या आणि वात्सवाफच्या उत्तरायुष्यात ती दोघे विभक्तच राहत होती.

व्हिएन्नात पौर्वात्य भाषांचे शिक्षण देणारी अकादमी मारिया थेरेसा राणीच्या काळापासून, १७५४ पासून, होती. तुर्की दरबाराशी व्यवहार करणारे दुभाषे आणि वकील तेथे तयार होत. या अकादमीचा विद्यार्थी योझेफ फॉन हामर (पुढे हामर-पुर्गश्टाल) याच्याशी झेवुस्कीची मैत्री झाली. विद्यापीठात अरबी शिकविणारा लेबनॉनमधील मॅरोनाइट ख्रिस्ती धर्मगुरू आंतून आरिदा याच्याकडे त्याने अरबीचा अभ्यास केला. तुर्कीचेही ज्ञान त्याने मिळविले.

‘फुंडग्रूबेन डेस ओरिएंट्स’

या मैत्रीतून १८०९ मध्ये ‘फुंडग्रूबेन डेस ओरिएंट्स’ (पूर्वेच्या खाणी) हे नियतकालिक निघाले. संपादनाची धुरा हामरकडे होती. पैसा झेवुस्कीचा होता. १८१८ पर्यंत त्याचे सहा खंड प्रसिद्ध झाले. नेपोलियनच्या युद्धांमुळे त्यात खंड पडत राहिला, हे त्या दशकाचा इतिहास पाहता स्वाभाविकच होते. लेख एकाच भाषेत असावेत असा आग्रह नव्हता. जर्मन, फ्रेंच, लॅटिन, इंग्रजी अशा अनेक भाषांतील लेखन त्यात शेजारी शेजारी छापले जाई. पॅरिसचा अरबी पंडित सिल्व्हेस्त्र द सासी आणि अरबस्तानात फिरणारा जर्मन प्रवासी उलरिख झेट्झेन हे त्याच्या लेखकांपैकी होते. हामरने केलेला हाफिजच्या काव्याचा अनुवाद आणि या खंडांतील सामग्री यांचा उपयोग गटेने आपला ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ लिहिताना करून घेतला.

या नियतकालिकाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीचा बगदाद येथील रेसिडेंट क्लॉडियस जेम्स रिच याचा बॅबिलोनच्या अवशेषांवरील प्रसिद्ध निबंध १८१३ मध्ये प्रथम या ‘फुंडग्रूबेन’मध्येच छापला गेला. बगदादचे हे ठाणे मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. रिच बगदादला गेला तोही मुंबईहूनच. मुंबईचा रेकॉर्डर (न्यायाधीश) सर जेम्स मॅकिन्टॉश याच्या कन्येशी त्याचा विवाह १८०८ मध्ये झाला होता. मेसोपोटेमियाच्या पुरातत्त्वाचा पाया मानला जाणारा हा निबंध एका पोलिश सरदाराच्या पैशातून वाचकांसमोर आला, ही गोष्ट त्या विषयाच्या इतिहासात सहसा नोंदविली जात नाही.

अरब प्रदेशांतील प्रवास

नेपोलियनच्या युद्धांत युरोपभरचे घोडदळ खर्ची पडले होते आणि राजेरजवाड्यांच्या अश्वशाळा रोडावल्या होत्या. नव्या पैदाशीसाठी अस्सल अरबी रक्ताची मागणी वाढली. व्युर्टेंबर्गचा राजा विल्हेल्म पहिला याने १८१७ मध्ये वाइल येथे अरबी घोड्यांची अश्वशाळा सुरू केली. त्याची राणी कॅथरीन ही रशियाचा झार अलेक्झांडर पहिला याची बहीण होती. तिच्या प्रोत्साहनाने, तसेच रशियन आणि व्युर्टेंबर्ग या राजदरबारांसाठी घोडे खरेदी करण्याच्या उद्देशाने झेवुस्की १८१७ मध्ये निघाला.

कॉन्स्टँटिनोपलमार्गे तो सीरियात पोहोचला. अलेप्पो, दमास्कस, पालमिरा आणि पुढे बगदादपर्यंतचा टापू त्याने पाहिला. शहरांतील घोडेबाजारावर समाधान न मानता तो वाळवंटात शिरला आणि टोळ्यांच्या तंबूंत राहिला. बदाऊनी पोशाख करावा, त्यांच्याबरोबर मजला माराव्यात, त्यांचे खाणे खावे, असा त्याचा क्रम होता. टोळ्यांनी त्याला अमीर म्हणून मान दिला आणि ‘ताज अल-फख्र अब्द अल-निशान’ असे नाव दिले. त्याच्या लालसर-सोनेरी दाढीमुळे ‘सोनेरी दाढीचा अमीर’ हेही नाव त्याच्या मागे लागले.

तो काळ त्या प्रदेशात मोठ्या उलथापालथीचा होता. इजिप्तच्या मुहम्मद अलीचा पुत्र इब्राहिम पाशा याने मध्य अरबस्तानातील नज्दवर स्वारी करून सप्टेंबर १८१८ मध्ये पहिल्या सौदी राज्याची राजधानी दिरिया जिंकली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८१९ मध्ये, अलेप्पोच्या नागरिकांनी तुर्की सुभेदार खुर्शिद पाशाविरुद्ध उठाव केला आणि तो अनेक महिने चालला. या उठावाचे वर्णन झेवुस्कीच्या लेखनात येते. राणी कॅथरीन जानेवारी १८१९ मध्येच मरण पावली होती. अशा रीतीने ज्या राजाश्रयावर मोहीम उभी होती, त्यातला मोठा आधार निघून गेला. झेवुस्कीची स्वतःची संपत्ती घोडे आणि नजराणे यांत झपाट्याने सरत होती. १८२० मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलमार्गे परतला. या प्रवासात त्याने शंभरावर घोडे मिळविले, असे सांगितले जाते.

आपण नज्दपर्यंत गेलो होतो, असे त्याने लिहिले आहे. तो खरोखर इतक्या आत पोहोचला होता की तेथील माहिती त्याने सीरियाच्या सीमेवर आलेल्या टोळ्यांकडून ऐकून लिहिली, याविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. युद्धाने होरपळलेल्या नज्दमध्ये त्या वर्षांत एका युरोपीयाने जाणे सोपे नव्हते, हे खरे. तथापि टोळ्यांची नावे, त्यांचे आपसांतील वैर, तंबूंतील रीतिरिवाज आणि घोड्यांच्या कुळींची बारकाईने दिलेली माहिती पाहता त्याचा बदाऊनांशी दीर्घ आणि निकटचा सहवास होता, याविषयी शंका राहत नाही.

अश्वग्रंथ

झेवुस्कीच्या कार्याचा गाभा म्हणजे त्याचे पूर्वेकडील आणि पूर्वेकडील वंशातून उत्पन्न झालेल्या घोड्यांवरील हस्तलिखित होय. ते फ्रेंच भाषेत असून जागोजागी अरबी शब्द त्यात आहेत. त्यात शेकडो रंगीत चित्रे आहेत. घोडे, स्वार, खोगिरे, लगाम, शस्त्रे, तंबू, टोळ्यांची डाग देण्याची चिन्हे, इतकेच नव्हे तर गाण्यांचे स्वरलेखनही त्यात आढळते. नाव अश्वग्रंथाचे असले तरी त्याचा बराचसा भाग हा प्रवासवर्णन आणि लोकजीवनाची नोंद आहे. हा विषय सोडून भरकटण्याचा प्रकार नव्हे. ज्या समाजात घोडीची कुळी माणसाच्या कुळीइतकी जपली जाते, तेथे घोड्याविषयी लिहावयाचे तर माणसांविषयी लिहावेच लागते.

बदाऊन घोड्याची वंशावळ आईकडून मोजतात. कुहैलान, सकलावी इत्यादी नावांनी ओळखली जाणारी कुळे घोडीवरून चालतात आणि शिंगरू आईच्या कुळाचे मानले जाते. लढाईला आणि लुटीच्या धाडींना बदाऊन स्वार घोडीच पसंत करतात. कारण रात्रीच्या छाप्यात ती नराप्रमाणे खिंकाळून शत्रूला सावध करीत नाही. म्हणून चांगली घोडी विकणे म्हणजे घरची अब्रू विकण्यासारखे समजले जाई. एका घोडीची मालकी अनेकदा भागीत असे. विकताना तिच्या पुढच्या शिंगरांवर हक्क राखून ठेवला जाई. कुळीबद्दल टोळीतील जाणत्यांनी साक्ष देऊन लिहिलेला ‘हुज्जा’ हा दाखला सौद्यात महत्त्वाचा ठरे. युरोपातून पैशाची थैली घेऊन आलेल्या दलालाला शहरात मिळत ते बहुधा नर, आणि तेही कुळीचा भरवसा नसलेले. घोड्याची पारख करण्यासाठी त्याच्या अंगलक्षणांबरोबरच त्याच्या टोळीची स्मृती जाणली पाहिजे, ही गोष्ट झेवुस्कीला तंबूंतील वास्तव्यातून उमगली होती आणि त्याच्या ग्रंथाचे वेगळेपण यातच आहे. भारतातील शालिहोत्राच्या परंपरेत अश्वलक्षणे, भोवरे आणि रोगचिकित्सा यांचा जो विस्तार दिसतो, त्याहून ही दृष्टी निराळी आहे.

मराठी वाचकाला अरबी घोडा अनोळखी नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी जातीत अरबी आणि इराणी रक्त मिसळले असल्याचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि आखातातील बंदरांतून गलबतांनी आलेल्या घोड्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती. ज्या वाळवंटातून झेवुस्कीचे घोडे पश्चिमेस गेले, त्याच्याच पूर्वेच्या कडेने ते मुंबईकडे येत होते.

सावरान येथील वास्तव्य

परतल्यानंतर झेवुस्की पोदोल्या प्रांतातील सावरान या आपल्या जहागिरीत राहू लागला. हे गाव दक्षिण बूग नदीच्या खोऱ्यात असून आज युक्रेनच्या ओदेसा प्रांतात आहे. तेथे त्याने अरबी घोड्यांची पागा उभारली. अमिराचा पोशाख आणि रिवाज त्याने येथेही सोडले नाहीत. त्यात आता कझाकांच्या चालीरीतींची भर पडली. कझाक त्याला ‘अतामान रेवूखा’ म्हणत. गवताळ मैदानावर घोडदौड, शिकार, पदरी गायक आणि वादक, असा त्याचा थाट होता.

त्याच्या आश्रयाला आलेल्यांत तिमको पादुरा हा युक्रेनियन आणि पोलिश भाषांत लिहिणारा कवी होता. तोर्बान हे अनेक तारांचे वाद्य वाजविणारा ग्झेगोश विदोर्त हाही तेथेच होता. पादुराच्या शब्दांना झेवुस्कीने काही चाली लावल्या, असे म्हणतात. ‘हेय सोकोवी’ हे आजही पोलंड व युक्रेनमध्ये गाइले जाणारे गीत पादुराच्या नावावर सांगितले जाते. मात्र ते त्याचेच आहे, असे निश्चित म्हणता येत नाही. झेवुस्कीने स्वतःही काव्यरचना केली. पण कवी म्हणून त्याचे स्थान लहान आहे. त्याने लिहिलेल्या कवितांपेक्षा त्याच्यावर लिहिलेल्या कविताच अधिक वाचल्या गेल्या.

सावरानच्या या रम्य चित्राला दुसरी बाजू आहे. बदाऊनांच्या आणि कझाकांच्या स्वातंत्र्याची गाणी जेथे गाइली जात, ती जहागीर भूदासांच्या श्रमावर चालत होती. मुक्त जीवनावर प्रेम करणारा हा अमीर आपल्या रयतेचा धनीच होता. त्याच्या चरित्रकारांनी या विसंगतीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. पुढच्या घटनांत मात्र ती निर्णायक ठरली.

१८३१ चा उठाव आणि अंत

नोव्हेंबर १८३० मध्ये वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढील वसंत ऋतूत त्याचे लोण युक्रेनमधील पोलिश जमीनदारांपर्यंत पोहोचले. झेवुस्की आपल्या स्वारांसह त्यात सामील झाला. ज्याच्या पित्याचे चित्र वॉर्सात फासावर टांगले गेले होते, तो पुत्र त्याच रशियाविरुद्ध मैदानात उतरला. पित्याचा कलंक धुऊन काढण्याचा हेतू त्यामागे होता, असे अनेकांनी लिहिले आहे. तसे असणे अशक्य नाही.

१४ मे १८३१ रोजी दाशुफ येथे बेनेदिक्त कोविश्को याच्या नेतृत्वाखालील बंडखोरांची जनरल रोट याच्या रशियन फौजेशी गाठ पडली. बंडखोरांचे घोडदळ उमद्या घोड्यांवर स्वार होते, परंतु त्यांच्याकडे पायदळ आणि तोफा यांचे बळ नव्हते. युक्रेनियन शेतकरी वर्ग बहुतांशी दूरच राहिला. भूदासत्वातून मुक्ती देण्याची घोषणा करण्यास जमीनदार तयार झाले नव्हते, तेव्हा त्यांच्या लढाईत शेतकऱ्यांनी प्राण का द्यावेत, हा प्रश्न होता. बंडखोरांचा पराभव झाला. मेच्या अखेरीस त्यांचे उरलेले लोक सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात गेले.

दाशुफच्या लढाईनंतर झेवुस्की कोणालाही दिसला नाही. त्याचा मृतदेह सापडला नाही. तो रणांगणावर पडला, असे सामान्यतः मानले जाते. सोन्याच्या लोभाने नोकरानेच त्याला झोपेत मारले, असे काहींनी सांगितले. तो निसटून पुन्हा वाळवंटात, आपल्या टोळ्यांकडे गेला, अशीही आख्यायिका दीर्घकाळ चालत राहिली.

साहित्यातील प्रतिमा

आदाम मित्स्किएविच याने १८२८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ‘फारिस’ (स्वार) हे काव्य लिहिले आणि ‘अमीर ताज अल-फख्र’ याच्या सन्मानार्थ रचलेला कसीदा असे त्याला म्हटले. वाळवंटातून एकटाच बेभान दौडणारा स्वार हा त्याचा नायक आहे. काव्याचे नाव अरबी, साज अरबी. पण आत्मा परवशतेत घुसमटलेल्या पोलिश तरुणाचा आहे. झेवुस्की तेव्हा हयात होता. त्याच्या मृत्यूनंतर युलिउश स्वोवात्स्की याने ‘वात्सवाफ झेवुस्कीविषयीचा दूमा’ हे काव्य लिहिले. दूमा म्हणजे युक्रेनमधील वीरगाथेचा प्रकार; आपल्याकडील पोवाड्याची आठवण व्हावी असा. पोलिश स्वच्छंदतावादाच्या दोन प्रमुख कवींनी गौरविल्यावर अमिराची प्रतिमा कायमची ठरून गेली. चित्रकारांनीही तिला हात लावला.

या गौरवाने अभ्यासक झेवुस्कीचे नुकसानच केले, असे म्हणावे लागते. कवितेतील स्वार घोड्यावर बसतो तो दिगंताकडे धावण्यासाठी. हस्तलिखितातील झेवुस्की घोड्यावरून उतरून त्याच्या आईचे नाव विचारतो.

हस्तलिखित आणि वंशज

दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातील हस्तलिखितांची अपरिमित हानी झाली. झेवुस्कीचे खंड मात्र शिल्लक राहिले. २००२ मध्ये त्यांतील प्रवासविषयक भाग पॅरिस येथून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कतारमधील संग्रहालय-संस्थेच्या सहकार्याने संपूर्ण ग्रंथाची सचित्र आवृत्ती काढली. ज्या अरब प्रदेशातील जीवनाची नोंद त्यात आहे, तेथील वाचकांपर्यंत ती सुमारे दोनशे वर्षांनी पोहोचली.

झेवुस्कीच्या नात्यातील एव्हेलीना हान्स्का ही फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकची पत्नी होय. पुत्र लेओन याच्याकडे पोदहोर्त्से येथील घराण्याचा प्रसिद्ध वाडा आला. तो त्याने १८६५ मध्ये सांगुश्को घराण्याला विकला. कन्या कालिक्स्ता हिचा विवाह रोममधील दान्तेचा अभ्यासक मिकेलान्जेलो काएतानी याच्याशी झाला. त्यांची कन्या एर्सिलिया काएतानी-लोवातेल्ली (१८४०–१९२५) ही पुरातत्त्वज्ञ होती. ग्रीक आणि लॅटिनबरोबर तिला संस्कृतही येत असे. १८७९ मध्ये रोमच्या ‘आकादेमिया देई लिंचेई’ या विद्वत्संस्थेने सभासद करून घेतलेली ती पहिली स्त्री होय.